राख केव्हा चिकटू लागते?
पऱ्हाटी-तुराट्यांच्या इंधनाची एक दुर्लक्षित कसोटी

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेला वाशिम जिल्हा हा प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचा जिल्हा होय. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांत खरिपात सोयाबीनचा पेरा मोठा असून त्याच्या जोडीला तूर आणि ठिकठिकाणी कपाशी घेतली जाते. धान्य आणि कापूस घरी आल्यानंतर शेतात जे उरते त्याची गणना सहसा कोणी करीत नाही. सोयाबीनचे कुटार जनावरांपुढे पडते, तुराट्यांचे कूड व खराटे होतात, पऱ्हाटी चुलीत जाते. आणि यातूनही जे शिल्लक राहते त्यास पुढील पेरणीपूर्वी शेतातच काडी लावण्यात येते. घरोघरी गॅसची शेगडी पोहोचल्यापासून चुलीची भूक कमी झाली, आणि धुऱ्यावरचे ढीग मात्र वाढले.

या ढिगांना आता गिऱ्हाईक मिळू लागले आहे. काड्यांचा भुगा करून, तो दाबून त्याच्या कांड्या किंवा गोळ्या बनविण्याचा उद्योग महाराष्ट्रात अनेक ठिकाणी चालतो. या कांड्यांना व्यवहारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात, तर लहान गोळ्यांना ‘पेलेट’ हे नाव रूढ झाले आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केलेल्या सुधारित धोरणानुसार कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांनी कोळशाबरोबर शेकडा पाच, आणि पुढे शेकडा सात, या प्रमाणात शेतातील अवशेषांचे पेलेट जाळावेत असे ठरविण्यात आले. वाशिमला लागून असलेल्या अकोला जिल्ह्यात पारस येथे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. त्याखेरीज तेलगिरण्या, डाळगिरण्या, रंगाई आणि दुग्धप्रक्रिया अशा कारखान्यांतील लहान बॉयलरही या इंधनाचे मोठे ग्राहक आहेत.

खरेदीदार सहसा तीन गोष्टी विचारतो. इंधनात ओलावा किती, ते जळताना उष्णता किती देते, आणि जळल्यावर राख किती उरते? या तिन्ही कसोट्यांवर वऱ्हाडातील पऱ्हाटी चांगली उतरते. नीट वाळलेल्या पऱ्हाटीची उष्णता वीजकेंद्रांत येणाऱ्या सामान्य प्रतीच्या कोळशाच्या जवळपास असते. राखेच्या बाबतीत तर ती कोळशाहून कितीतरी सरस ठरते. भारतीय कोळशात शेकडा ३० ते ४५ राख असते, तर पऱ्हाटीत ती सर्वसाधारणपणे शेकडा ३ ते ७ एवढीच असते. तरीही केवळ पऱ्हाटीवर किंवा कुटारावर चालविलेला बॉयलर काही आठवड्यांतच मंदावतो, नळ्यांवर दगडासारखा थर बसतो आणि भट्टी थंड करून तो छिन्नी-हातोड्याने फोडावा लागतो, हा अनुभव या व्यवसायातील लोकांस नवा नाही. याचे कारण राख किती आहे यात नसून ती राख कशी आहे यात आहे. ठराविक तापमानाला तिचे कण किती चिकट होतात, हा चौथा प्रश्न फारसा विचारला जात नाही. तो विचारला तर त्याचे उत्तर मोजून देता येते.

झामा आणि पाक

राख ही जळून गेलेल्या पदार्थाचा निर्जीव अवशेष होय, तिला आणखी काही होणे नाही, अशी सर्वसाधारण समजूत असते. चुलीतील राखेपुरती ती बरीचशी खरी आहे. पण गावाबाहेरच्या वीटभट्टीत डोकावल्यास निराळे दृश्य दिसते. जेथे आच फार लागली तेथील विटा काळपट व काचेसारख्या चकचकीत होतात आणि एकमेकींस घट्ट चिकटून बसतात. यालाच आपण झामा म्हणतो. माती वितळून पाण्यासारखी वाहिलेली नसते, विटांचा आकारही बऱ्याच अंशी ओळखू येतो. तथापि वीट विटेपासून सुटत नाही. मातीतील काही घटक द्रवरूप झाले आणि त्यांनी उरलेल्या घन कणांना सांधले, एवढेच तेथे घडलेले असते.

भट्टीतील राखेचे नेमके हेच होते. राख हा एक पदार्थ नव्हे, ते अनेक क्षारांचे आणि खनिजांचे मिश्रण असते. शुद्ध सिलिका, म्हणजे वाळूचा मुख्य घटक, सुमारे १,७०० अंश सेल्सियसला वितळते. चुन्याला तर त्याहूनही पुष्कळ अधिक तापमान लागते. याउलट पोटॅशियम क्लोराइड हा क्षार ७७० अंशांस वितळतो. आणि सिलिका व पोटॅश एकत्र आले की त्यांच्या मिश्रणातून सातशे-आठशे अंशांच्या टप्प्यातच काचेसारखा दाट द्रव तयार होऊ लागतो. एकट्याने न वितळणारी सिलिका पोटॅशच्या संगतीने निम्म्याहून कमी तापमानाला मऊ पडते.

हे पोटॅश येते कोठून? शेतकऱ्याला ते परके नाही. नत्र, स्फुरद आणि पालाश या खतांच्या त्रयीतील पालाश ते हेच. विदर्भातील काळ्या जमिनी उपलब्ध पालाशाच्या बाबतीत सामान्यतः संपन्न समजल्या जातात. पीक ते मुळांवाटे घेते आणि त्याचा मोठा भाग देठांत व पानांत राहतो. वनस्पतीच्या राखेत क्षार असतो हे आपल्याकडे पूर्वापार माहीत आहे. आघाड्याची राख पाण्यात कालवून, ते पाणी गाळून आणि आटवून आयुर्वेदातील अपामार्ग क्षार करतात. साबण महाग होता तेव्हा केळीच्या खांबाच्या राखेने कपडे धुतले जात. ज्या गुणामुळे ही राख मळ काढते, तोच गुण बॉयलरच्या नळीवर थर चढवतो.

येथे ‘वितळणे’ आणि ‘चिकटणे’ यांतील भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे, कारण मोजमापाची सारी अडचण त्यातच आहे. बर्फ शून्य अंशाला वितळतो, त्यास एक ठराविक बिंदू आहे. राखेतील काचसदृश द्रवाचे तसे नसते. त्याची तुलना साखरेच्या पाकाशीच करता येईल. पाक एकतारी होतो, दोनतारी होतो, गोळीबंद होतो. बोटाला तो सर्वांत अधिक केव्हा चिकटतो हे कोणतीही गृहिणी सांगू शकेल, आणि साखर कितव्या अंशाला वितळते हे माहीत असल्याने ते कळत नाही, हेही ती जाणते. राखेचा कणही फार तापला नाही तर कोरडा राहून नळीवर आपटून उडून जातो. मध्यम तापला तर चिकटतो. फारच तापला तर पातळ होऊन वाहू लागतो. यांपैकी मधला टप्पा घातक असतो, आणि तो राख पूर्णपणे वितळण्याच्या कितीतरी आधी, कित्येकदा शंभर-दोनशे अंश आधी, सुरू होतो.

मोठ्या वीजकेंद्रातील भट्टीच्या मध्यभागी तापमान १,२०० अंशांच्या पुढे असते. तेथून वर जाणारे वायू सुमारे हजार अंशांवर असताना वाफेस अधिक तापविणाऱ्या नळ्यांच्या झुपक्यांमधून जातात. नळीतील वाफ सुमारे ५४० अंशांची, म्हणजे नळीचा पृष्ठभाग वायूच्या मानाने थंड. वायूबरोबर आलेली पोटॅशियम क्लोराइडची वाफ, तव्यावरील झाकणाला पाण्याची वाफ धरावी तशी, या पृष्ठभागावर धरते. पहिला थर कागदाइतका पातळ असतो, परंतु तो चिकट असतो. मग मागून येणारा प्रत्येक कोरडा कणही त्यावर अडकू लागतो. थर वाढला की उष्णता नळीपर्यंत पोहोचत नाही, वायूंचा मार्ग आकुंचित होतो, आणि क्लोरीनमुळे थराखालचे पोलाद झिजू लागते. वाफेच्या झोताने नळ्या झाडण्याची सोय बॉयलरमध्ये असते. पण झोत भुसभुशीत थर उडवतो, झाम्यासारखा थर उडवू शकत नाही.

साचलेल्या राखेकडे केवळ कार्यक्षमतेचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील ऊंचाहार येथील ५०० मेगावॅटच्या संचात भट्टीच्या तळाशी राखेची ढेकळे साचून मार्ग तुंबल्यानंतर दुर्घटना घडली आणि चाळीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. ते इंधन कोळशाचे होते, काडीकचऱ्याचे नव्हते. परंतु राख सुटी राहते की गोळा होते, यावर भट्टीजवळ काम करणाऱ्यांची सुरक्षितता किती अवलंबून असते, याची त्यावरून कल्पना यावी.

शंकू, गोळी आणि दुभंगणारी वाटी

राखेच्या मोजमापाची सर्वांत जुनी आणि आजही सर्वत्र वापरली जाणारी रीत कुंभारकामातून आली आहे. बर्लिनच्या राजकीय चिनी मातीच्या कारखान्यातील हेरमान झेगर यांनी १८८६ च्या सुमारास भट्टीचे तापमान ओळखण्यासाठी निरनिराळ्या मिश्रणांचे छोटे शंकू तयार केले. ठराविक आच लागली की ठराविक शंकू वाकत असे. हीच कल्पना उलटी करून राखेसाठी योजण्यात आली. राख बारीक करून तिचा बोटाच्या पेरापेक्षाही लहान मनोरा साच्यात घडवितात, तो भट्टीत ठेवून तापमान हळूहळू वाढवितात आणि त्याची आकृती पाहत राहतात. टोक बोथट झाले की पहिली नोंद. मनोऱ्याची उंची रुंदीइतकी झाली की दुसरी. अर्धगोल झाला की तिसरी. पसरून सपाट झाला की चौथी. कोळसा-चाचणीच्या प्रमाणपत्रावर राखेच्या वितळण्याची जी चार तापमाने छापलेली असतात, ती हीच.

भारतीय कोळशाची राख बहुतांशी सिलिका व ॲल्युमिना यांची असल्याने ती या कसोटीवर फार उच्च तापमानापर्यंत टिकते. अनेक नमुन्यांत टोकदेखील १,४०० अंशांपर्यंत बोथट होत नाही. त्यामुळे आपल्याकडील वीजकेंद्रांस ही रीत दीर्घकाळ पुरेशी वाटली यात नवल नाही. परंतु काडीकचऱ्याच्या राखेस तीच कसोटी लावताना तीन बाबतीत फसगत होते.

पहिली बाब राख तयार करण्याची. कोळशाचा नमुना प्रयोगशाळेत ८१५ अंशांस जाळण्याचा प्रघात आहे. पऱ्हाटी त्याच तापमानाला जाळली तर पोटॅशियमचे काही क्षार धुराबरोबर उडून जातात आणि मागे उरलेली राख प्रत्यक्षाहून अधिक सोज्वळ दिसते. यास्तव जैव इंधनासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणकांनी ५५० अंश हे तापमान ठरविले आहे. प्रमाणपत्र हाती आले की त्यावर प्रथम हा आकडा शोधावा. दुसरी बाब हवेची. भट्टीत प्राणवायू भरपूर आहे की तोकडा, यावर राखेतील लोहाचे रूप बदलते आणि लोहाचे प्रमाण अधिक असलेली राख प्राणवायूच्या तुटवड्यात लवकर मऊ होते. तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. मनोऱ्याचे टोक बोथट झालेले डोळ्यांना दिसण्यापूर्वीच त्यातील कण एकमेकांस चिकटलेले असतात. डोळा आकार पाहतो, चिकटपणा पाहू शकत नाही. जैव इंधनाच्या नव्या प्रमाणकात राखेची छोटी गोळी आक्रसू लागते ते तापमानही नोंदविण्यास सांगितले आहे, ते याच कारणाने. कण सांधले जाऊ लागले की मधल्या पोकळ्या बुजतात व गोळी लहान होते.

चिकटपणा थेट मोजण्याचे प्रयत्नही जुने आहेत. १९५० च्या दशकात अमेरिकेत राखेच्या गोळ्या दाबून, त्या वेगवेगळ्या तापमानांस काही तास भाजून, थंड झाल्यावर फोडून पाहण्याची पद्धत पुढे आली. जी गोळी फोडण्यास अधिक जोर लागतो तिची राख नळीवर अधिक घट्ट बसणार, असा तो हिशेब. पद्धत सोपी, खर्चही बेताचा. उणीव एवढीच की, गोळी थंड झाल्यावर फोडली जाते. गरम पाक आणि गोठलेली चिक्की यांची बळकटी एक नव्हे, तसेच हेही. भट्टीत राख चिकटते ती गरम असताना.

ही उणीव दूर करणारी एक युक्ती टोकियोच्या कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी विकसित केली आहे. साधेपणामुळे ती समजून घेण्यासारखी आहे. मधोमध दुभंगता येईल अशी उष्णतारोधक पदार्थाची उथळ वाटी घेतात. तिचे दोन्ही अर्धभाग जोडून त्यात राख भरतात व ठराविक वजनाने दाबतात. सगळी वाटी भट्टीत ठेवून हव्या त्या तापमानाला नेतात, आठशे-नऊशे अंशांपर्यंतही, आणि ती तेथे गरम असतानाच एक अर्धभाग हळूहळू बाजूला ओढतात. राखेचा थर मधोमध तुटतो. तो तुटताना जास्तीत जास्त किती जोर लागला हे बलमापक नोंदवितो. त्या जोरास तुटलेल्या पृष्ठाच्या क्षेत्रफळाने भागले की राखेच्या कणांची परस्परांना धरून राहण्याची शक्ती आकड्यात मिळते. भाकरी दोन्ही हातांनी मोडून पीठ किती चिवट आहे ते अजमावावे, तसाच हा प्रकार; फरक इतकाच की येथे हातांचा अंदाज नसून यंत्राची नोंद आहे.

अशा मोजणीतून तापमान वाढत जाताना बळकटीचा आलेख मिळतो. आरंभी तो जवळजवळ सपाट असतो. कोरड्या पुडीला जेवढी धरून राहण्याची शक्ती असते तेवढीच तेथे दिसते. एका विशिष्ट तापमानापासून तो चढू लागतो. हा चढ जेथे सुरू होतो ते तापमान त्या राखेचे खरे ‘धोक्याचे तापमान’ म्हणावे लागेल. त्याच उपकरणाने औषधही तपासता येते. राखेत ॲल्युमिनाची अतिसूक्ष्म पूड मिसळली असता चढ मंदावतो, असे या संशोधकांना आढळून आले. चिनी माती मिसळण्याचा उपायही जगभर अभ्यासला गेला आहे. चिनी मातीतील ॲल्युमिना व सिलिका पोटॅशियमला धरून ठेवतात आणि त्यातून बनणारी खनिजे फार उच्च तापमानापर्यंत घन राहतात. चिनी मातीचे साठे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही आहेत.

याशिवाय तापलेल्या नळीसमोरून राखेचे कण सोडून त्यांतील किती अडकले ते तोलणे, चालू भट्टीत थंड ठेवलेली नळी काही तास खुपसून तिच्यावर बसलेला थर मोजणे, किंवा वाळूच्या उसळत्या थरात इंधन जाळणाऱ्या भट्टीत ती वाळू कोणत्या तापमानाला गोळा होते ते पाहणे, अशाही रीती आहेत. कोणतीही एक रीत सर्व प्रश्नांची उत्तरे देत नाही. स्वीडनमध्ये शेवटची रीत विशेष विकसित झाली, कारण तेथे लाकूड व काडीकचरा जाळणाऱ्या वाळूच्या भट्ट्या फार आहेत.

उसाचे चिपाड आणि उसाचे पाचट

एकाच पिकाच्या दोन भागांची राख किती भिन्न वागते याचे उदाहरण महाराष्ट्राच्या दारातच आहे. साखर कारखान्यांचे बॉयलर वर्षानुवर्षे उसाच्या चिपाडावर, म्हणजे बगॅसवर, चालतात. या इंधनाविषयी राख चिकटण्याची तक्रार फारशी येत नाही. याचा अर्थ उसाने पालाश घेतले नाही असा नव्हे. गाळपात ऊस चरकातून अनेकदा पिळला जातो आणि त्यावर पाणीही सोडले जाते. पाण्यात विरघळणारे पोटॅशियमचे क्षार रसाबरोबर निघून जातात व अखेरीस मळीत उतरतात. चिपाड जणू धुऊनच बॉयलरकडे येते. उसाचे पाचट मात्र धुतले गेलेले नसते. त्यात पोटॅशियम आणि क्लोरीन दोन्ही अधिक असतात आणि चिपाडाच्या जागी पाचट जाळणाऱ्याला निराळ्याच राखेला तोंड द्यावे लागते. पूर्व विदर्भातील भातगिरण्यांचा कोंडा हे तिसरे उदाहरण. त्यात राख शेकडा वीसच्या आसपास, म्हणजे पऱ्हाटीच्या कितीतरी पट. परंतु ती जवळजवळ सगळी सिलिका असल्याने सहजासहजी चिकटत नाही. राख कमी तेवढे इंधन चांगले, हा बाजारातील सोपा नियम येथे पुरता उलटा पडतो.

पाण्याने धुतले गेलेले इंधन कमी चिकट राख देते, हे सूत्र डेन्मार्कमध्ये मोठ्या प्रमाणावर उपयोगात आले. १९९३ च्या राजकीय करारानुसार तेथील वीजकेंद्रांनी दरवर्षी सुमारे १४ लाख टन जैव इंधन जाळावयाचे ठरले आणि त्यात मोठा वाटा गव्हा-बार्लीच्या काडाचा होता. नळ्यांवर थर बसणे व त्या झिजणे या दोन्ही अडचणी तेथे आल्या. कापणीनंतर काही काळ शेतात पडून पावसात भिजलेले करडे काड हे ताज्या पिवळ्या काडापेक्षा बॉयलरला सोसते, कारण पावसाने त्यातील पोटॅशियम व क्लोरीन यांचा बराच भाग धुऊन जमिनीत परत नेलेला असतो, हे तेथील अभ्यासांतून स्पष्ट झाले. यात शेताचाही लाभ आहे. पालाश बॉयलरमध्ये जाण्याऐवजी शेतातच राहते.

हा उपाय वाशिममध्ये जसाच्या तसा लागू होईल असे मात्र समजू नये. पऱ्हाटी मोकळी होते ती हिवाळ्यात, आणि त्यानंतर मृगापर्यंत भरवशाचा पाऊस नसतो. तोवर पऱ्हाटी शेतात किंवा धुऱ्यावर राहू देणे म्हणजे गुलाबी बोंडअळीला आश्रय देणे होय. फरदड न घेता पऱ्हाट्या वेळीच काढून त्यांची विल्हेवाट लावावी असे कृषी विभाग दरवर्षी बजावत असतो. बॉयलरच्या सोयीसाठी कपाशीवर संकट ओढवून घेण्यात शहाणपण नाही. सोयाबीनच्या कुटाराची गोष्ट वेगळी. परतीच्या पावसात ते अनेकदा भिजते. भिजलेले, काळवंडलेले कुटार जनावरे खात नाहीत आणि शेतकरी त्यास वाया गेले असे समजतो. वैरण म्हणून ते वाया गेलेलेच असते. इंधन म्हणून मात्र, पुन्हा नीट वाळविल्यास, कोरड्या कुटारापेक्षा त्याची राख कमी चिकट असण्याचा संभव अधिक. चांगले कुटार गोठ्यासाठी आणि भिजलेले कारखान्यासाठी, अशी वाटणी केल्यास वैरणही वाचते. कुटार पाण्याने मुद्दाम धुण्याची कल्पना टंचाईग्रस्त गावांत विचारात घेण्याजोगी नाही.

पाच टक्क्यांचा हिशेब

मग पारसच्या संचात वऱ्हाडातील पेलेट गेल्यास तेथील नळ्यांवर काय परिणाम होईल? त्याचा अंदाज साध्या अंकगणिताने बांधता येतो. शंभर किलो इंधनात ९५ किलो कोळसा आणि ५ किलो पेलेट धरू. कोळशात शेकडा ३५ राख असल्यास ती ३३ किलो २५० ग्रॅम होते. पेलेटमध्ये शेकडा ५ धरल्यास राख निघते अवघी २५० ग्रॅम. एकूण साडेतेहतीस किलो राखेत पेलेटच्या राखेचा वाटा शेकडा एकाहूनही कमी. शिवाय कोळशाच्या राखेत सिलिका व ॲल्युमिना विपुल असल्याने चिनी मातीचे काम ती आपोआप करते. डेन्मार्कमधील स्टडस्ट्रुप वीजकेंद्रात १९९० च्या दशकात कोळशाबरोबर याहून अधिक प्रमाणात काड जाळून पाहण्यात आले होते, आणि आपल्याकडे उत्तर प्रदेशातील दादरी येथे २०१७ पासून पेलेटचे प्रयोग झाले आहेत. राखेने भरलेला आपला कोळसा, ज्याबद्दल एरवी तक्रारच केली जाते, तो येथे उपकारक ठरतो.

खरी काळजी आहे ती लहान बॉयलरची. तेथे कोळशाची सोबत नसते. पेलेट किंवा कांडी शंभर टक्के जाळली जाते, भट्टी लहान असते, तापमानावर लक्ष ठेवण्यासाठी स्वतंत्र माणूस नसतो, आणि राख-चाचणीचे प्रमाणपत्र कोणी मागत नाही. एखाद्या कारखानदाराने तालुक्यातील गटाकडून दोन महिने पांढरा कोळसा घ्यावा, नळ्या तुंबल्यावर तो बंद करावा आणि ‘येथील मालच वाईट’ असा बोभाटा व्हावा, यात नुकसान शेवटी शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीचे होते. माल वाईट नसतो. त्या भट्टीच्या तापमानास तो योग्य नसतो, किंवा त्यात चिनी माती मिसळावयास हवी असते, किंवा भट्टीचे तापमान थोडे खाली ठेवावयास हवे असते. यांपैकी नेमके काय, हे चिकटपणाच्या मोजणीशिवाय ठरविता येत नाही.

नमुना आणि प्रयोगशाळा

केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेचे मुख्यालय धनबाद येथे असले तरी तिचे एक केंद्र नागपुरात आहे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून फळ्या, कांड्या व पेलेट बनविण्यावर दीर्घकाळ काम केले असून तिचेही केंद्र नागपूरलाच आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आहे. ग्रामपंचायतीने किंवा उत्पादक कंपनीने काड्यांच्या विक्रीचा करार करण्यापूर्वी मालाच्या नमुन्याची चाचणी करवून घ्यावी आणि चाचणी करणाऱ्याकडे चार गोष्टींची मागणी करावी: राख ५५० अंशांस तयार केलेली असावी, तीत पोटॅशियम, क्लोरीन, सिलिका व चुना यांचे प्रमाण सांगितलेले असावे, वितळण्याच्या चार तापमानांबरोबरच गोळी आक्रसू लागते ते तापमानही नोंदलेले असावे, आणि चाचणी कोणत्या हवेत केली ते लिहिलेले असावे.

माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षकांना याच विषयाचा एक छोटा भाग वर्गात दाखविता येईल. पऱ्हाटीची पूर्ण जळालेली, थंड व चाळलेली राख दहा ग्रॅम तोलून घ्यावी, शंभर मिलिलीटर कोमट पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावी आणि सकाळी गाळून घ्यावी. गाळलेल्या पाण्यात हळदीने पिवळा केलेला कागद बुडविला की तो तांबडा होतो. गाळणीवरची राख वाळवून पुन्हा तोलावी. वजनात जी घट आली ते पाण्यात विरघळणारे क्षार, आणि त्यांत पोटॅशियमचा वाटा मोठा. हाच प्रयोग भाताच्या कोंड्याच्या राखेवर करून पाहिल्यास घट बरीच कमी येईल. हे पाणी दाहक असल्याने डोळ्यांत उडू देऊ नये. या प्रयोगाने चिकटपणा मोजला जात नाही. पण भट्टीत चिकटणारे द्रव्य कोणत्या राखेत अधिक आहे याचा अदमास येतो.

नमुना घेताना होणारी चूक पुढे कोणत्याही यंत्राने दुरुस्त होत नाही. चिमट्याने उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळांना माती असते. ती झटकून, शक्यतो मूळ छाटूनच काड्यांचा भुगा करावा. कारण मातीबरोबर येणारी वाळू पोटॅशला मिळाली की काच तयार होण्यास निमित्तच मिळते. खतांची रिकामी पोती काड्या भरण्यासाठी वापरू नयेत. ढिगाच्या वरचा, मधला व तळाचा भाग यांतून थोडा थोडा माल घेऊन तो एकत्र करावा, त्यातील एक-दोन किलो कोरड्या, नव्या पिशवीत बंद करावा. पिशवीवर पीक, गाव, काढणीची तारीख आणि माल पावसात भिजला होता की नाही, हे न विसरता लिहावे.